हवा थोडी कमी : अलिबाग ते रेवदंडा

अलिबागहून दक्षिणेकडे रेवदंड्याला जाणारा रस्ता १७-१८ किलोमीटरांचा आहे. उजव्या हाताला समुद्र असतो, पण तो दिसतो थोडा आणि ऐकू येतो अधिक. मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या असतात. आक्षी, नागाव, चौल ही गावे एकामागून एक लागतात. चढ म्हणावा असा चढ नाही. सत्तरीच्या आसपासच्या माणसाने सायकलवरून सुखाने जावे असे रस्ते आपल्याकडे थोडे उरले आहेत. हा त्यांपैकी एक.

गेल्या वर्षी माघात आणि यंदाही माघातच मी आणि माझा थोरला भाऊ या रस्त्याने सायकलवर गेलो. रस्ता तोच, सायकली त्याच, माणसेही तीच. गेल्या वर्षी चौलपाशी प्रवास संपला आणि टेम्पोत सायकली टाकून आम्ही मुकाट्याने परतलो. यंदा रेवदंड्याच्या तटाशी बसून चहा प्यालो. हा फरक मुख्यत्वे चाकांतल्या हवेने पडला. वाचकांपैकी अनेकांच्या घरी एखादी सायकल आणि ती चालवू पाहणारे एखादे ज्येष्ठ माणूस असेल. त्यांच्यासाठी ही हकीकत लिहीत आहे.

दादा आज ७२ वर्षांचा आहे, मी ६६ वर्षांची. त्याने नोकरीची सारी वर्षे ठाण्यात घर ते स्टेशन हे अंतर काळ्या, अठ्ठावीस इंची सायकलवर काटले. तीन वर्षांपूर्वी वहिनी गेली. त्यानंतर कितीतरी महिने दादा कामापुरताच घराबाहेर पडे. बोलणे कमी झाले, झोप उडाली. त्याच्या सत्तराव्या वाढदिवसाला माझ्या भाच्याने, म्हणजे त्याच्या मुलाने, त्याला नवी सायकल आणून दिली. सरळ हँडल, हलका सांगाडा, बारीक टायर. ‘बाबा, ही पळते,’ असे तो कौतुकाने म्हणाला होता. त्या सायकलीने दादाला खरोखरच बाहेर काढले. सकाळी तलावाभोवती फेरी, परतताना भाजी, आठवड्यातून एकदा जुन्या मित्राकडे. तो पुन्हा बोलू लागला, जेवू लागला. म्हणून ती सायकल आमच्या घरात नुसती वस्तू नव्हती.

गेल्या वर्षी अलिबागहून निघताना भाच्याने दोन्ही चाकांत शंभर-शंभर पौंड हवा भरून दिली होती. टायर २८ मिलिमीटर रुंदीचे होते. अंगठ्याने दाबले तर रबर जराही आत जात नव्हते. ‘टणक हवा म्हणजे हलकी सायकल’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, त्यामुळे कोणालाच त्यात वावगे वाटले नाही. आक्षीपर्यंत गुळगुळीत डांबर होते, तेव्हा मजा वाटली. नागावनंतर पावसाने उखडलेला आणि थिगळे लावलेला रस्ता सुरू झाला. प्रत्येक थिगळ हँडलमधून हातात आणि हातातून मानेत जाऊ लागले. दादा अधूनमधून उजवा हात झटकत होता. मी विचारले, तर ‘मुंग्या आल्यात, जातील’ म्हणाला.

चौलच्या अलीकडे एका गतिरोधकापाशी त्याला ब्रेक दाबायचा होता. बोटे ब्रेकवर होती, पण ती दाबली जात आहेत की नाही हे त्याला कळलेच नाही. सायकल गतिरोधकावर आदळली, पुढचे चाक उडाले आणि दादा डाव्या कुशीवर पडला. कोपर सोलवटले, गुडघ्याला मुका मार लागला, हाड वाचले. टेम्पोवाल्याला पैसे देताना नाणी त्याच्या बोटांतून दोनदा खाली पडली. मला पडण्यापेक्षा ती घरंगळणारी नाणी अधिक भिववून गेली.

त्या रात्री भाच्याचा फोन आला. ‘आत्या, ती सायकल मी काढून टाकतो. मीच दिली होती, मीच काढतो.’ त्याच्या आवाजात राग नव्हता, अपराधीपणा होता. मी त्याला एवढेच म्हणाले की आधी डॉक्टरांना विचारू या.

डॉक्टरांनी घाई केली नाही. हाताला मुंग्या येण्याची कारणे अनेक असतात. मधुमेह, मानेच्या मणक्यांची झीज, थायरॉईडची तक्रार, जीवनसत्त्वांची कमतरता अशी ती यादी लांबू शकते. रक्त तपासले, मान तपासली, नसांची तपासणी झाली. दादाच्या बाबतीत बधिरपणा करंगळी आणि अनामिका या दोन बोटांत होता. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने, मनगटापाशी, अल्नर नावाची नस एका अरुंद वाटेने जाते. हँडलवर भार टाकून तासन्‌तास हादरे सोसले, की ती तेथे दाबली जाते. सायकलस्वारांमध्ये हा त्रास चांगलाच परिचित आहे. डॉक्टरांनी काही आठवडे सायकल बंद ठेवायला सांगितली आणि पुढे म्हणाले, ‘मी सायकल कायमची सोडा असं म्हणत नाही. हातावरचा भार आणि हादरे कमी करा. ते जमलं नाही, तर मात्र सोडा.’

भार कमी करणे सोपे होते. हँडल थोडे उंच केले, मुठी जाड आणि मऊ बसवल्या. हादऱ्यांचे काय करायचे, हे मात्र आम्हाला ठाण्यातल्या एका जुन्या सायकल दुकानात कळले. दुकानदाराने दादाच्या सायकलीचे पुढचे चाक अंगठ्याने दाबले आणि तो म्हणाला, ‘काका, यात हवा कुठं भरलीय? दगड भरलाय. तुमच्या जुन्या काळ्या सायकलीचा टायर आठवा. दीड इंच रुंद होता. मागं पोतं लादलं तरी माणूस हादरत नव्हता.’

दुकानदाराच्या बोलण्यामागे साधे गणित आहे. पौंड म्हणजे एका चौरस इंचावर पडणारा दाब. दादा, सायकल आणि पिशवी मिळून वजन सुमारे ८२ किलो, म्हणजे १८० पौंड. त्यातले सुमारे १०० मागच्या चाकावर आणि ८० पुढच्या चाकावर येतात. चाकात १०० पौंड हवा असेल, तर मागचा टायर ढोबळ मानाने एक चौरस इंच जागेवर टेकतो. ती जागा पोस्टाच्या तिकिटाएवढी असते. हवा ५० पौंड केली, की ती दुप्पट होते. टायर जितका टेकतो तितका तो रस्त्याच्या उंचवट्याभोवती वळतो आणि उंचवटा आपल्या पोटात घेतो. टणक टायर तसे करू शकत नाही. तो उंचवट्यावर चढतो आणि आपल्यासह सायकल व माणूस यांना वर उचलतो.

गेल्या वर्षीची आमची आणखी एक चूक यावरून ध्यानात आली. पुढच्या चाकावर वजन कमी असते, म्हणून त्यात हवाही कमी हवी. आम्ही दोन्ही चाकांत सारखीच हवा भरली होती. म्हणजे ज्या चाकाचे हादरे थेट हातात जातात, तेच चाक गरजेहून सर्वाधिक टणक होते.

आता रुंदीविषयी. एकाच दाबाला बारीक आणि रुंद टायर सारखीच जागा टेकतात, फक्त त्या जागेचा आकार वेगळा असतो. बारीक टायरची जागा लांबट, रुंद टायरची आखूड आणि पसरट. आखूड जागेमुळे रुंद टायर कमी वाकतो. रबर वाकण्यात आणि पुन्हा सरळ होण्यात आपल्या पायांची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. कमी वाकले तर कमी जाते. शिवाय त्याच दाबाला रुंद टायरच्या भिंतीवर ताण अधिक येतो, म्हणून तो हाताला अधिक टणक लागतो. त्याला कमी हवा पुरते, आणि त्याच्या कडेला छापलेला कमाल दाबही कमी असतो. तो छापील आकडा भरून घ्यायचा सल्ला नव्हे; ती ओलांडू नये अशी मर्यादा आहे.

भाच्याने मग सगळे मापून घेतले. दादाच्या सायकलीच्या चिमट्यात ३५ मिलिमीटरचा टायर बसून दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहत होती. तसे टायर आणले. मागच्या चाकात ५५ आणि पुढच्या चाकात ४५ पौंड हवा ठेवायचे ठरले. दाब दाखवणारा काटा असलेला एक छोटा हातपंपही घेतला. जुन्या काळ्या सायकलींच्या वॉलमध्ये रबरी नळी असे, त्यातून दाब मोजता येत नसे. त्यामुळे अंगठा हेच मोजमाप होते. नव्या सायकलींच्या वॉलवर, मोटारसायकलीप्रमाणे, काटा लावता येतो.

यंदा माघ पौर्णिमेला आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरलो. सायकली गाडीवर होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे अलिबागहून निघायचे होते. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, हे किनाऱ्यावरचे जुने गणित. वद्य प्रतिपदेला सोळाची पाऊणपट केली की बारा येतात. म्हणजे दुपारी बाराला भरती आणि सकाळी सहाच्या सुमारास ओहोटी. सकाळी वाळू मोकळी मिळणार होती.

साडेसहाला निघालो तेव्हा कुलाबा किल्ल्याच्या बुरुजांवर नुकता उजेड पडत होता. या गावात चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतील सूक्ष्म नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली ती येथे उभारली गेली. नाजूक यंत्रासाठी माणसांनी अख्खी वेधशाळा निवांत जागी आणली, हे मला त्या सकाळी उगाचच जवळचे वाटले.

अलिबाग ते आक्षी हा चांगल्या डांबराचा तुकडा. माझी भीती अशी होती की टायर रुंद, हवा कमी. म्हणजे येथे सायकल जड लागणार. दादा दहा मिनिटे काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘थोडी संथ वाटते. पण पाय काही जास्त मारावे लागत नाहीत.’ त्याचे म्हणणे बरोबर होते. टणक टायरवर रस्त्याचा प्रत्येक कण अंगात घुमतो आणि त्या घुमण्यालाच आपण वेग समजतो. अगदी गुळगुळीत पृष्ठभागावर अधिक हवेने चाक थोडे हलके पळते, हे खरे. परंतु आपल्या रस्त्यांना गुळगुळीत म्हणता येत नाही. एका मर्यादेपलीकडे हवा वाढवली, की टायर वाकण्यात जी शक्ती वाचते त्याहून अधिक शक्ती माणूस आणि सायकल वर-खाली उडवण्यात खर्च होते. हादऱ्याने आपले स्नायू, मान, पाठ यांना जे हलावे लागते, त्याची किंमत आपले पायच मोजत असतात.

आक्षी गावाचे नाव मराठीच्या इतिहासात मानाने घेतले जाते. येथील शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा शिलालेख मराठीतील सर्वांत जुन्या ज्ञात लेखांपैकी एक मानला जातो. गावातून सुरूच्या बनाकडे वळलो आणि बनाच्या कडेला थांबून हवा कमी केली. मागे ३०, पुढे २५. वॉलमधली कांडी नखाने दाबायची, फुस्स आवाज ऐकायचा, काटा लावून पाहायचा. दोन मिनिटांचे काम.

कोरड्या वाळूतून सायकली ढकलतच न्याव्या लागल्या. तेथे ३५ मिलिमीटरचा टायरही रुततो. पण ओहोटीने मागे ठेवलेली ओली, घट्ट पट्टी लागली आणि दादा सायकलवर बसला. मागे वळून पाहिले तर आमच्या चाकांच्या खुणा पसरट आणि उथळ होत्या. वजन अधिक जागेवर विभागले गेले होते, म्हणून वाळू त्याला तोलून धरत होती. आवाज नाही, हादरा नाही. डावीकडे सुरूची झाडे, उजवीकडे मागे गेलेला समुद्र, पुढे नागावचा किनारा. सुमारे दोन किलोमीटर आम्ही असे गेलो. वहिनीला समुद्राचे वेड होते. दादा बराच वेळ गप्प होता आणि मीही त्याला बोलते केले नाही.

नागावला वर येऊन एका ओट्यावर बसलो. दादाने स्वतः पंप मारून हवा पुन्हा भरली. पुढचा रस्ता खडबडीत होता, म्हणून या वेळी मागे ४५ आणि पुढे ३८ इतकीच. तो पंप मारत असताना मी त्याला डनलपची गोष्ट सांगितली.

जॉन बॉइड डनलप हा बेलफास्टमध्ये राहणारा गुरांचा डॉक्टर. त्याच्या लहान मुलाची तीनचाकी सायकल घन रबराच्या धावांची होती आणि शहराच्या खडबडीत रस्त्यांवर खडखडत असे. मुलाला सुख व्हावे म्हणून डनलपने १८८७ साली रबराची नळी करून तिच्यात हवा भरली. अंगणात त्याने दोन्ही प्रकारची चाके लोटून पाहिली. घन रबराचे चाक मध्येच थांबून पडले. हवेचे चाक अंगण ओलांडून गेले. म्हणजे सुखासाठी केलेला उपाय वेगाचाही निघाला. १८८९ साली बेलफास्टमध्ये विली ह्यूम नावाच्या स्वाराने हवेच्या टायरवर शर्यती जिंकल्या. वास्तविक रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८४५ सालीच अशा धावेचे पेटंट घेतले होते, म्हणून डनलपचे पेटंट पुढे रद्द झाले; पण हवेच्या टायरला जगभर नेले ते मुलाच्या त्या तीनचाकीनेच. त्याआधीच्या लाकडी चाकांच्या, लोखंडी धावांच्या सायकलींना इंग्रज लोक ‘हाडे खिळखिळी करणारी’ असेच म्हणत.

‘मग बारीक टायर आले कुठून?’ दादाने विचारले. शर्यतींतून आले. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला समोरच्या वाऱ्याशी झगडायचे असते. त्याला टायरची रुंदीही वाऱ्यात अडते. म्हणून शर्यतीचे स्वार वर्षानुवर्षे २३ मिलिमीटरचे, दगडासारखे टणक टायर वापरत. गेल्या काही वर्षांत तेही २८ मिलिमीटर आणि त्याहून रुंद टायरांकडे वळले आहेत. फ्रान्समध्ये १८९६ पासून होणाऱ्या पॅरिस-रूबे या शर्यतीत जुन्या दगडी फरसबंदीचे लांबच लांब पट्टे असतात. तेथे तर स्वार मुद्दाम रुंद टायर लावून हवा कमी करतात आणि तरीही जिंकण्यासाठीच धावतात. ताशी १२-१४ किलोमीटरने जाणाऱ्या आपल्यासारख्यांना वाऱ्याचा अडथळा फारच थोडा असतो. आपल्याला खरी अडवणूक होते ती रस्त्याची. म्हणजे रुंद टायरचा लाभ शर्यतवाल्यांपेक्षा आपल्याला अधिक.

नागाव ते चौल हा पाच-सहा किलोमीटरांचा तुकडा. गेल्या वर्षी येथेच सारे बिनसले होते. यंदाही थिगळे होती, खडी वर आली होती, एका गल्लीत पेव्हर ब्लॉक खचून त्यांच्यामध्ये फटी पडल्या होत्या. बारीक चाक अशा फटीत अडकते आणि माणूस पडतो. रुंद चाक त्यावरून निघून जाते. दादाने हात झटकला नाही. मी घड्याळ पाहत होते. गेल्या वर्षी या तुकड्याला आम्हाला ३२ मिनिटे लागली होती. यंदा २६ लागली. हे सारे श्रेय टायरांना देणे बरे नव्हे. यंदा वारा मंद होता, वाटेत विश्रांती झाली होती, हँडल उंच होते आणि मनही हलके होते. तरी ज्या सायकलीला सकाळी आम्ही ‘संथ’ म्हटले, ती मागे पडली नाही एवढे निश्चित.

त्या गतिरोधकापाशी दादा थांबला. ब्रेक दाबून, सावकाश, दोन्ही पाय टेकून. ‘हाच ना?’ म्हणाला. मी मान हलवली. मग आम्ही तो पायी ओलांडला. तसे करण्याची गरज नव्हती, पण केले.

चौल हे प्राचीन बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी समुद्रमार्गे येथेच भारतात उतरला होता. पुढे पोर्तुगीजांनी शेजारच्या रेवदंड्याला तटबंदी बांधली. आजही रस्ता त्या तटातून आत जातो आणि आतल्या वाड्यांमध्ये पडक्या चर्चच्या भिंती अचानक समोर येतात. सातखणी मनोऱ्याच्या सावलीत थोडे बसून आम्ही चहाच्या टपरीवर आलो. दादाने खिशात हात घातला, सुटी नाणी तळहातावर घेतली, उजव्या हाताच्या बोटांनी एकेक वेचून टपरीवाल्याला दिली. मी त्याच्याकडे पाहत आहे हे त्याच्या लक्षात आले. ‘मोज की,’ तो म्हणाला, ‘एकही पडलं नाही.’

येथे काही गोष्टी स्पष्टपणे सांगायला हव्यात. टायर हे औषध नव्हे. हाताला मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल, तर आधी डॉक्टर आणि मग सायकलचे दुकान. हाडे ठिसूळ झाली असतील, मणक्याला पूर्वी इजा झाली असेल, तोल जात असेल, चक्कर येत असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर सायकल चालवावी की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावे. अशा माणसाला साधे पडणेही महागात जाते. रुंद टायरने पडण्याची काही कारणे कमी होतात. सगळी होत नाहीत. ओल्या रस्त्यावरचे तेल आणि मागून येणारी भरधाव गाडी यांवर हवेच्या दाबाचा उपाय नाही.

हवा कमी करण्यालाही सीमा आहे. फार कमी केली की खड्ड्यात टायर दबून ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते, तिला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. वळणावर सायकल डोलते, आणि पायांनाही जड जाते. वाळूवरून वर आल्यावर हवा पुन्हा भरलीच पाहिजे. घरी परतल्यावर चाके, चेन आणि रिम गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, चेनला तेल द्यावे. खारे पाणी लोखंडाला सोडत नाही.

घरातील ज्येष्ठांची सायकल सांभाळणाऱ्यांनी एवढे करावे. टायरच्या कडेवरचे आकडे वाचावेत. ३५-६२२ असे असेल, तर पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमवर बसणाऱ्या कडेच्या व्यासाचा; दोन्ही मिलिमीटरमध्ये. नवा टायर घेताना दुसरा आकडा तोच हवा. पहिला वाढवायचा असेल, तर चिमटा, ब्रेक आणि मडगार्ड यांच्यात दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहते का हे दुकानात पाहून घ्यावे. आठवड्यातून एकदा हवा तपासावी, कारण चांगल्या ट्यूबमधूनही ती हळूहळू कमी होत जाते. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा कमी ठेवावी. आणि किती ठेवावी, हे दुसऱ्याच्या सायकलीवरून ठरवू नये. वजन बदलले की हवा बदलते. पन्नास किलोच्या आजींना आणि ऐंशी किलोच्या आजोबांना एकच आकडा चालत नाही.

एक सोपी कसोटी जाणकार सांगतात. माणूस सायकलवर बसल्यावर टायरची उंची सुमारे १५ टक्के कमी व्हावी. ३५ मिलिमीटरच्या टायरसाठी हे साधारण पाच मिलिमीटर होतात. ही कसोटी एकट्याला घेता येत नाही. एकाने बसावे लागते आणि दुसऱ्याने खाली वाकून पाहावे लागते.

आमच्या भाच्याने आता रविवारी सकाळचे हे काम स्वतःकडे घेतले आहे. परवा मी गेले तेव्हा दादा भिंतीला हात टेकून सायकलवर बसला होता आणि भाचा जमिनीवर गुडघे टेकून पुढचे चाक पाहत होता. वर्षापूर्वी तीच सायकल विकायला निघालेला हा मुलगा.

‘बाबा, हात कसा आहे?’

‘ठीक आहे.’

‘नीट सांगा. शनिवारी फेरीनंतर मुंग्या आल्या होत्या?’

दादाने थोडा विचार केला. ‘शेवटच्या गल्लीत. थोड्या.’

‘मग दोन पौंड कमी करतो. आणि त्या गल्लीतून येऊ नका, पुढच्या रस्त्याने या,’ भाचा म्हणाला आणि त्याने नखाने वॉलची कांडी दाबली.